न उतरलेला ताना

"येवढा ताना उतरू दे, पोरी. मंग जाय तू भावासंग."

सासऱ्याचा तो आवाज पंचफुलाच्या कानात अजून आहे. रडून रडून घोगरा झालेला, कुणी ऐकू नये इतका हळू. तरी गल्लीत उभ्या असलेल्या तिच्या भावानेही तो ऐकला होता. चीनची लढाई झाली त्या सालची ही गोष्ट. तिचा नवरा जागेश्वर काविळीने गेला, तेव्हा लेक तारा अंगावर पीत होती. तेरवी आटोपली आणि उमरेडहून मार्तंड आला, बहिणीला न्यायला. तिकडे त्याने एक माणूस पाहून ठेवला होता, बायको वारलेला, विणणाराच. वर्ष सरलं की पाट लावून देऊ, म्हणाला. इतवारी स्टेशनावरून दुपारची छोटी गाडी होती. पंचफुलाने दोन लुगडी आणि लेकीची दुपटी बांधून दाराशी ठेवलीही होती.

आणि मागावर जागेश्वरचं कापड अर्धं विणून थांबलं होतं.

अर्धं कापड मागावर टाकून घरच्या बाईने उंबरा ओलांडायचा नाही, ही तांडापेठेतल्या कोष्ट्यांची रीत. त्यामुळे सासरा, नत्थूजी, काही वावगं मागत नव्हता. मार्तंडनेही मान डोलावली. "महिन्याभराची तं गोष्ट हाय," म्हणाला आणि एकटाच गाडीला गेला. पंचफुलाने लेकीला पाळण्यात टाकलं, पदर खोचला आणि नवऱ्याच्या जागी खड्ड्यात पाय सोडले.

माग असा असतो: विणणारा बसतो जमिनीवर, खड्ड्याच्या काठाला, आणि पाय सोडतो खाली खड्ड्यात. तिथे दोन पावड्या. उजवी दाबली की तान्याचे, म्हणजे कापडाच्या उभ्या सुताचे, अर्धे दोरे वर उठतात, डावी दाबली की बाकीचे. त्यांच्या मधल्या फटीतून आडवा दोरा घेऊन धोटा इकडून तिकडे पळतो. वरून पाहणाऱ्याला दिसतात हात. पाय कुणाला दिसत नाहीत. खाली ओल असते, अंधार असतो, पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी झिरपतं. पंचफुला उमरेडच्या कोष्ट्यांची लेक, तिला काही शिकवावं लागलं नाही. पायांनी आपापली पावडी ओळखली.

महिन्याने ताना हातभर उरला. तिने पुन्हा लुगडी बांधली. सकाळी उठून पाहते तो नत्थूजी मागापुढे बसलेला, वाटीत चुलीची राख घेऊन, शेजारी नवा ताना पसरून.

"दोरा दे, पोरी," तो म्हणाला.

कोष्टी ताना पुरता संपू देत नाहीत. जुन्याचं शेपूट मागाच्या फणीतच राहू द्यायचं आणि नव्याचा एकेक दोरा राखेच्या बोटांनी त्याला वळून सांधायचा. नाहीतर सगळे दोरे फणीतून नव्याने ओवा. आंधळं व्हायचं काम ते. म्हणून घरोघरी सांधतात. एकाने दोरा निवडून द्यायचा, दुसऱ्याने वळायचा. एकट्याचं ते काम नाही. पंचफुला समोर बसली आणि दोरा देऊ लागली. दिव्याच्या वेळेपर्यंत जुन्याचं शेपूट आणि नव्याचं तोंड एक झालं. ताना उतरलाच नाही. शब्दही कुणी मोडला नाही.

दिवाळीला मार्तंड आला, होळीनंतर पुन्हा आला. भरलेला माग पाहिला, चहा प्याला, गेला. उमरेडच्या त्या माणसाने दुसरी बायको केली. मग मार्तंड फक्त राखीला येऊ लागला आणि गाडीचं नाव काढेनासा झाला.

ताने येत राहिले. नत्थूजी "दोरा दे" म्हणत राहिला, ती देत राहिली. कधी हात चालता चालता तिच्या ओठांवर ओवी यायची. आईच्या जात्यावरची चाल, शब्द मात्र तिचे:

*धोटा गेला माहेराले, धोटा आला सासरी,*
*पायाची गं मैना माही राहिली खड्ड्याभीतरी.*

नत्थूजी ऐकायचा आणि म्हणायचा, "गळा चांगला हाय तुहा." बस, इतकंच.

*

इमर्जन्सी उठली त्या साली, उन्हाळ्याच्या तोंडाला, एका सकाळी पंचफुला खड्ड्यातून निघाली आणि उभीच राहिली नाही.

म्हणजे निघाली. नेहमीसारखे दोन्ही हात काठावर टेकले, अंग वर ओढलं, पाय जमिनीवर आले. पण कमरेपासून वरचं धड पुढे वाकलेलं ते वाकलेलंच. ताणून सरळ व्हायला गेली की पाठीत खालच्या बाजूला चमक भरे आणि गुडघे आपोआप दुमडत. तशीच बादली घेऊन ती नळावर गेली.

नळावर जनाबाई होती, शेजारची, जिभेने तिखट.

"काय वं पंचफुले, काही पडलं का खाली? मघापासून शोधून राहिली."

"कंबर धरली."

"कंबर धरली का कमरेनं तुले धरलं? मी तं समजली सासऱ्याची नक्कल करून राहिली."

बाया हसल्या. पंचफुलाही हसली. पण घरी येऊन तिने नत्थूजीला चालताना नीट पाहिलं. तो मोरीकडे जात होता. विळ्यासारखा. तोंड जमिनीला, हात पाठीमागे बांधलेले. इतकी वर्षं तिला ते म्हातारपण वाटलं होतं.

"मामाजी, तुमाले कधीपासून असं झालं?"

"असं म्हणजे कसं?" नत्थूजीने मान तिरपी करून वर पाहिलं. "कोष्ट्याची कंबर हाय ते. मोडत नाही, वाकते. माह्या बापाची बी अशीच होती. तेल लाव."

तेल लावलं. वीट तापवून शेकलं. ताराने रोज शाळेतून आल्यावर आईच्या पाठीवर उभं राहून तुडवलं. पाठ लाल झाली, सरळ झाली नाही. शेवटी ताराच म्हणाली, "आई, दवाखान्यात चाल. तुहं दुखणं पाठीत नसंन तं?"

"मंग कुठं असंन, शेजारच्या घरात?" नत्थूजी म्हणाला. पण अडवलं नाही त्याने. दवाखान्यासाठी त्याने कधीच अडवलं नसतं. तो वाईट माणूस नव्हता. तेच तर अवघड होतं.

*

मोठ्या दवाखान्यात मागच्या बाजूला व्यायामाची खोली होती. तिथे यमुताई होत्या. पिकल्या केसांच्या, मोठ्या हातांच्या. सगळ्या पेशंटवर ओरडायच्या आणि मग त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसायच्या.

"काय काम करता?"

"माग हाय."

"खड्ड्याचा?" यमुताईंनी तिला टेबलावर उताणी निजवलं. "डावा गुडघा छातीशी आवळून धरा. दोन्ही हातांनी. घट्ट."

तिने आवळला. आणि तिचा उजवा पाय, जो टेबलावर सरळ पडला होता, तो हळूहळू उठू लागला. मांडी वर, गुडघा वर. पलीकडून कुणी दोरी ओढावी तसा.

"बाई, मी नाही उचलून राहिली त्याले," पंचफुला घाबरून म्हणाली.

"माहीत आहे मला. आता दुसरा."

दुसराही तसाच उठला. यमुताईंनी उठलेल्या मांडीवर तळहात ठेवून खाली दाबलं. मांडी गेली नाही, कंबरच वर उचलली गेली.

"पाठ तुडवली असेल ना लेकीकडून? तुडवून काय होणार. दुखतंय पाठीत, धरलंय पुढून." त्यांनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. कातडी नसलेला माणूस, सगळा तांबड्या दोऱ्यांचा विणलेला. "हा स्नायू बघा. इथे पाठीच्या कण्याला, आतल्या अंगाने, सुरू होतो. पोटाच्या मागून उतरतो, जांघेतून पुढे येतो आणि मांडीच्या हाडाला, इथे आत, चिकटतो. डॉक्टर त्याला सोआस म्हणतात. तुम्ही गुडघा उचलता तो याच्या जोरावर. बसलेल्या माणसाचा हा आखडलेला असतो. उभं राहिलं की लांब होतो. तुम्ही किती वर्षं बसलात?"

"लेक पोटाशी होती तेव्हापासून."

"आणि झोपता कशा? पाय पोटाशी घेऊन?"

"माग सोडून जागाच तेवढी हाय."

"म्हणजे दिवसा आखडलेला, रात्री आखडलेला. तो तरी काय करेल, आखडूनच राहिला. आता तुम्ही उभ्या राहता तेव्हा तो कण्याला पुढे खेचतो." यमुताईंनी तिला कुशीवर वळवलं आणि मागे, बसतो तिथे, हाताचा पंजा ठेवला. पंचफुला अंग चोरू लागली. तिथे कुणाचा हात लागून किती काळ लोटला होता.

"लाजू नका. हा अंगातला सगळ्यात मोठा स्नायू. माणूस उभा राहतो, जिना चढतो, तो याच्या जिवावर. पायाला मागे नेतो हा. पालथ्या पडा आणि पाय सरळ ठेवून वर उचला."

तिने उचलायला पाहिलं. मांडीच्या मागची शीर तटतटली, पोटरीत गोळा आला, पण पाय बोटभरही हलला नाही.

"झोपलाय," यमुताई म्हणाल्या. "पुढचा सोडत नाही म्हणून मागचा धरत नाही. त्यांची जोडी असते. एकाने ओढायचं तेव्हा दुसऱ्याने ढील द्यायची."

"पावड्यांसारखं," पंचफुला टेबलावर तोंड टेकून पुटपुटली. "एक खाली तं दुसरी वर."

"असेल तसंच. पण तुमच्या पावड्या तरी फिरून वर येतात. इथे एकच दाबून धरलीय."

मग यमुताईंनी सांगितलं ते असं: खड्डा बंद. रोज सकाळ-संध्याकाळ जमिनीवर पालथं पडायचं, पाय लांब सोडून, उशी न घेता. हळूहळू पाय मागे उचलायला शिकायचं. उभ्याचं काम चालेल, चालण्याचं चालेल.

"सोडलं तं सुटंन?"

"आत्ता सोडलं तर सुटेल. आणखी चार-दोन वर्षं अशाच बसलात तर तो स्नायू विसरून जाईल की आपण कधी लांब होतो. मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही." यमुताईंनी टॉवेलला हात पुसले. "घरी अडवणारं कोणी आहे का?"

पंचफुला उठून बसली. पदर सावरत म्हणाली, "नाही. कोणी अडवत नाही."

*

पालथं पडायला घरात जागा नव्हती. खोली एक. तिच्या मधोमध माग, मागापुढे खड्डा, भिंतीला चूल. ही सगळी माणसं आजवर मागाच्या कडेकडेने, मांजरं निजतात तशी निजत आली होती. पंचफुलाने चुलीपासून दारापर्यंत अंग मोजलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की लग्न होऊन आल्यापासून या घरात ती कधी पूर्ण लांब झालीच नाही. शेवटी डोकं मागाच्या खांबाशी आणि पाय उंबऱ्याबाहेर गल्लीत, अशी ती पडली.

"पाय सांभाळ वं, सायकल जाईन वरून," जनाबाई ओरडली. मग जवळ येऊन उंबऱ्यावर बसली आणि आवाज खाली करून म्हणाली, "ऐक. आमच्या रंगाऱ्याच्या वाड्यात सूत वाळवायले बाई पाहिजे. दिवसभर उभ्याचं काम हाय, दांडीवर लडी टाकायच्या अन् फिरवायच्या. मी बोलू का?"

"बोलते मी घरी."

"तू? तू बोलशीन?" जनाबाईने तिच्या पाठीकडे पाहिलं. "बोल मंग."

पंचफुला बोलली नाही. मागावरचं कापड सात-आठ हात उरलं होतं. तेवढं होऊ दे, मग बोलू, असं तिने मनात ठरवलं. ठरवलं आणि तिचं तिलाच जाणवलं, आपण सासऱ्याचेच शब्द बोलतो आहोत.

नत्थूजीला दवाखान्याचं सगळं सांगितलं होतं. खड्डा बंद, हेही सांगितलं होतं. तो ऐकून म्हणाला, "डॉक्टरबाईले काय, सांगाले पैसे पडत नाहीत." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "दिसाआड बसत जाय." तिसऱ्या दिवशी तो बाजारातून नव्या तान्याचं सूत घेऊन आला, हिरवं, काठाला तांबडं, आणि भिजत घातलं.

ती पडायची. सकाळी पडायची, संध्याकाळी पडायची. गाल जमिनीला लावला की तिला खड्डा दिसे, अगदी डोळ्यांच्या पातळीला, आणि त्यातल्या रिकाम्या पावड्या. जांघेत आतून काहीतरी तडतडे, जुनी शिवण उसवावी तसं. पाय उचलायला ती सगळा जीव तिथे मागे नेई. एका संध्याकाळी उजवा पाय उचलला गेला. किती? चिमणी बसली तर पुन्हा टेकेल, इतकाच. पण उचलला. त्या झोपलेल्या मोठ्या स्नायूने कूस बदललेली तिला कळली. तिने कुणाला सांगितलं नाही. गल्लीतली धूळ पावलांना गरम लागत होती.

दुसऱ्या दिवशी ती पाणी घेऊन आली तर घरातून मागाचा आवाज येत होता. तिचे हात बादलीला आणि माग चालू.

तारा बसली होती. शाळेचा झगा गुडघ्यापर्यंत ओढून, दोन्ही गोऱ्या नडग्या खड्ड्यात सोडून. धोटा तिच्या हातून दोनदा पडला, तिसऱ्यांदा नीट गेला. नत्थूजी शेजारी बसून सांगत होता, "पाय टाचेनं नाही, चवड्यानं. हां. अशी. पाय आईवर गेले तुहे."

"आई, तू आराम कर," तारा मान न वळवता म्हणाली. "मी बसीन. शाळा झाली की रोज बसीन. मले जमून राहिलं."

"इतलं उरलं तेवढंच," नत्थूजी म्हणाला. त्याने सुनेकडे पाहिलं नाही. "येवढा उतरू दे."

पंचफुलाने बादली खाली ठेवली. पाणी हिंदकळून तिच्या पायावर पडलं. ती दाराची चौकट धरून उभी राहिली आणि पावडीमागे पावडी, लेकीच्या मांड्या उठताना पाहत राहिली. डावी. उजवी. डावी. दरवेळी पोटातून, आतल्या बाजूने, तो दोरा गुडघ्याला वर ओढत होता. तो कुठून सुटतो आणि कुठे बांधलेला आहे, हे आता तिला माहीत होतं.

*

शनिवारी ताराने उरलेलं संपवलं. रविवारी सकाळी नत्थूजी वाटीत राख घेऊन मागापुढे बसला. नवा हिरवा ताना सोडवून पसरलेला. खिडकीतून उजेड बरोबर फणीवर पडत होता. त्याने बोटं राखेत बुडवली आणि दोन्ही हात पुढे धरले.

"दोरा दे, पोरी."

पंचफुला खाली पडली होती. पालथी, उंबऱ्याबाहेर पाय. तिने उठायला तळहात टेकले आणि पुन्हा काढून घेतले.

"पंचफुला. दोरा दे."

ती हलली नाही. चुलीपाशी बसलेली तारा उठली आणि आईच्या जागेवर, आजोबांसमोर, बसायला आली.

"तारा," पंचफुला जमिनीवरूनच म्हणाली. "हात नको लावू त्याले."

"काहून, आई?"

"उठ तिथून. चुलीवर चहा उतू जाऊन राहिला."

चहा उतू जात नव्हता. पण तारा उठली. नत्थूजीची राखाडलेली बोटं तशीच हवेत राहिली. म्हाताऱ्याचे हात होते ते, आणि दोऱ्याशिवाय त्यांना काय करायचं ते कळत नव्हतं.

"मामाजी, यावेळी नका सांधू. कापून टाका."

"माग रिकामा होईन."

"होऊ द्या."

"आमच्या घरात माग कधी रिकामा नाही झाला." नत्थूजीचा आवाज चढला आणि लगेच बसला. त्याने फणीतल्या जुन्या दोऱ्यांच्या शेपटाकडे पाहिलं. "हा जागेश्वरचा ताना हाय, पोरी. त्यानं बसवला होता. आपण नवे दोरे जोडत गेलो, पण ताना त्याचाच हाय. तुटला नाही म्हणून त्याचा हाय. कापला तं..."

पंचफुलाने कोपरं टेकली, गुडघे जवळ घेतले आणि दाराची चौकट धरून ती उठली. वेळ लागला. नत्थूजी बसल्या जागेवरून, मान तिरपी करून, तिला उठताना पाहत होता. ती पूर्ण सरळ झाली नव्हती. पण मागच्या महिन्यापेक्षा तिचं तोंड वर होतं, आणि सासऱ्याकडे पाहायला तिला मान वाकवावी लागत होती.

"मले ठाऊक होतं तुमी काहून सांधता," ती म्हणाली. "पह्यल्या दिवशीच. म्हणून तं दोरा देला. तुमचा लेक गेला होता, माहा नवरा. तुमच्या हातात काय ठेवू मी दुसरं?"

"मंग आज काहून?"

"माह्या लेकीचे पाय त्याच्यात गेले म्हणून."

नत्थूजीने हात खाली घेतले. धोतरावर राख सांडली. तो म्हणाला, "इतकी वर्षं झाली. कधी म्हटलं नाही तू. मी समजलो, राहिली आपल्या मनानं. घर समजून राहिली."

गल्लीतून कुणाची सायकल गेली. तारा चुलीपाशी उभी होती. पंचफुलाने चौकट सोडली. मांड्या तिला धरून राहिल्या.

"मले जायचं होतं, मामाजी," ती म्हणाली. "त्या दिवशी बी जायचं होतं, अन् त्याच्यानंतर हरेक तान्याच्या वक्ताले जायचं होतं."